निळ्या ठिपक्याची राखणदारीण

मित्रांनो, मी एक जुनी, खाष्ट आणि संशयी पेशी आहे. सुतारकाम करणाऱ्या एका बाईच्या उजव्या अंगठ्यात, कातडीच्या आतल्या थरात माझा मुक्काम असतो. शिकलेली माणसं मला भक्षक पेशी म्हणतात, कारण नको ते शरीरात शिरलं की मी ते गिळून टाकते. नाव ऐकून घाबरू नका. मी डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही एवढी लहान आहे. आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी आत्ता, तुम्ही हे वाचत असताना, तुमच्याही अंगठ्यात जाग्या बसल्या आहेत.

पेशी बोलते कशी, तिला बाहेरचं ऐकू कसं येतं, अशी शंका तुमच्या मनात आली ना? शाब्बास! मग आपलं चांगलं जमेल. अहो, हाडं थरथरतात, रक्ताचा वेग बदलतो, तळव्याला घाम सुटतो. त्यावरून बाहेर काय चाललंय ते आम्हाला बरोबर कळतं. एवढ्यानं समाधान झालं नसेल तर राहू द्या, पण गोष्ट पुढे ऐका.

माझा जन्म हाडाच्या आत, मऊ मगजात झाला. तिथून मला रक्ताच्या प्रवाहात सोडलं गेलं आणि फिरत फिरत मी या अंगठ्याच्या पेरात उतरले. तिथे माझ्याआधी एक म्हातारी पेशी राहायची. मी आले आणि ती गेली. ती फुटली तेव्हा तिच्या पोटातून काळे-निळे कण सांडले. मी लगेच सावध झाले. हे काय आहे? जंतू? हात लावून पाहिलं, तर जंतू नव्हता. मग घरचं? घरचंही नव्हतं. असं बेवारशी काही पडलेलं मला खपत नाही, म्हणून मी ते गिळलं. आणि मग कळलं की ते पचत नाही! माझ्या पोटात भलं जळजळीत पाणी असतं, त्यात जंतू विरघळून जातात. या कणांना मात्र त्याचं काहीच वाटेना. तेव्हापासून ते माझ्या पोटात आहेत, आणि बाहेरून बघणाऱ्याला मालकिणीच्या अंगठ्यावर एक छोटासा निळा ठिपका दिसतो.

तो ठिपका पेन्सिलीचा आहे. मालकीण लहान असताना तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, वडिलांच्या कारखान्यात एका फळीवर रेघ आखली होती. ही शेजारून म्हणाली, "वाकडी आहे." दादाला इतका राग आला की त्याने सुताराची ती जाड पेन्सिल हिच्या अंगठ्यात खुपसली. टोक आतच मोडलं. म्हणे रडला मात्र दादाच जास्त. आणि रेघ खरंच वाकडी होती. मालकीण अजूनही कुणालाही अंगठा दाखवून म्हणते, "हा दादाने केलेला आहेर!"

आता माझ्या कामाविषयी सांगते. आमच्या घराची पहिली भिंत म्हणजे कातडी. तिचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, कौलांसारखा एकावर एक रचलेला. त्यावर आंबूस घाम असतो, तेलकटपणा असतो. काही जंतू तर तिथे कायमचे बिऱ्हाड करून आहेत. ते कुणाला त्रास देत नाहीत आणि परक्या जंतूंना जागा देत नाहीत. त्यांच्याशी आमचं बरं आहे, तरी माझा एक डोळा त्यांच्यावर असतोच. नाकात केस आणि शेंबूड, डोळ्यांत पाणी, तोंडात लाळ, जठरात आम्ल, असे जागोजागी बंदोबस्त आहेत. शेंबडाला हसू नका. त्याच्याइतकं इमानदार कुणी नाही.

भिंतीला भगदाड पडलं की मग आमचं काम सुरू होतं. मला एकेका जंतूचा चेहरा ओळखता येत नाही. पण त्यांचा अंगरखा मी पक्का ओळखते. जंतूंचा अंगरखा ज्या धाग्याचा असतो, तो धागा आपल्या शरीरात कुठेच विणला जात नाही. माझ्या अंगभर हात आहेत, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याचं कापड सारखं चाचपत असतात. घरच्या पेशींच्या अंगावर 'मी इथलीच' अशी खूण असते. ती लागली की मी वाट सोडते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. मी सगळ्यांवर संशय घेते, पण हात लावून पाहिल्याशिवाय तोंड उघडत नाही.

आमच्यात आणखी एक खातं आहे. तिथल्या पेशी एकेका जंतूचा चेहरा पाठ करतात, त्याच्यापुरतं खास हत्यार बनवतात आणि वर्षानुवर्षं ते विसरत नाहीत. मोठ्या हुशार, आणि तेवढ्याच तोऱ्यात असतात. पण नव्या जंतूसाठी तयारी करायला त्यांना दिवसच्या दिवस लागतात. तोवर खिंड कोण लढवतं? आम्हीच!

मालकिणीच्या कारखान्यात तेव्हा तिघं काम करायची. वडील वारल्यावर दादा रंधा मारायचा, जोडकाम करायचा. वहिनी, म्हणजे दादाची बायको, पॉलिश करायची. आणि शेवटचा हात मालकिणीचा. वडिलांच्या वेळेपासून तिथे एक रीत होती. तिचा अंगठा फिरल्याशिवाय कुठलीही वस्तू दाराबाहेर जात नसे. दादा फळी गुळगुळीत करायचा. मालकीण डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "अजून एक हात." दादा कुरकुरत पुन्हा रंधा धरायचा. मग कधीतरी ती म्हणायची, "झालं." त्या एका शब्दासाठी दादा दिवसभर राबायचा. एका शिंप्याने त्यांच्याकडून कापड बेतायचं टेबल करून घेतलं होतं. रेशमाचा धागासुद्धा त्याला कुठे अडकत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. कौतुक अंगठ्याचं व्हायचं. त्या अंगठ्यात रोज किती भुसा, किती धूळ, किती जंतू शिरायचे आणि ते कोण निस्तरायचं, हे कुणी विचारलं नाही. असो.

मग एक दिवस दादा म्हणाला, "लाकूड घासायचं यंत्र घ्यावं म्हणतो. तुझ्या अंगठ्याला जरा सुट्टी मिळेल."

मालकिणीचा हात जागच्या जागी थांबला. रक्त एकदम उसळलं. मला वाटलं कुठे कापलं की काय! "सुट्टी?" ती म्हणाली. "का कायमचीच सुट्टी?"

"अगं, तसं नाही म्हणत ते," वहिनी मध्ये पडली.

"कळलं मला कसं म्हणतात ते," मालकीण म्हणाली, आणि विषय तिथेच संपला. संपला म्हणजे काय, तिच्या पोटात गेला. दादाच्या मनात खरंच काय आहे, हे तिने विचारलं नाही, चाचपून पाहिलं नाही. तसंच्या तसं गिळून टाकलं. न पचणारं पोटात ठेवणं काय असतं ते मला विचारा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याच शिंप्याला दुसरं टेबल हवं झालं. त्यासाठी दादाने जुन्या दारांच्या फळ्या आणल्या. कुठल्यातरी ओलसर गोदामात पडून होत्या त्या. मला त्यांचा वासच आवडला नाही. मालकीण फळी तपासायला गेली आणि एक लांब कुसळ थेट अंगठ्यात, निळ्या ठिपक्याच्या शेजारी शिरलं. तिने ते उपटलं. अर्धं हातात आलं आणि अर्धं आत मोडून राहिलं.

"काय झालं?" पलीकडून दादाने विचारलं.

"काही नाही."

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. साबण-पाण्याने धुवायचं, कुसळ काढून घ्यायचं, संपलं असतं. पण तिच्या मनात आलं, हा म्हणेल, बघ, यंत्र असतं तर! म्हणून ती चुलीवरच्या भांड्याकडे गेली. त्यात लाकूड चिकटवायचा सरस होता. हाडं आणि कातडी उकळून तो करतात आणि गार झाला की पुन्हा गरम करून वापरतात. तिने सरसाचा थेंब जखमेवर लावला, वर चिमूटभर भुसा दाबला आणि तोंड बंद करून टाकलं. लहानपणी तिने वडिलांना असंच करताना पाहिलं होतं. त्या धंद्यातली कितीतरी माणसं असंच करतात. लाकडाची भेग भरते, तशी बोटाचीही भरेल, असं त्यांना वाटतं.

माझे सगळे हात ताठ झाले! अहो, चोर घरात शिरला आणि घरच्यांनीच बाहेरून कडी लावली. त्यात चोरांना शिधाही दिला. हाडं-कातडीच्या त्या सरसाइतकं जंतूंना दुसरं काय आवडणार? शिवाय तो कितीदा तापला आणि कितीदा निवला होता कोण जाणे. मला तिथेच काहीतरी काळंबेरं दिसलं होतं. पण माझं ऐकतंय कोण?

मी पुढे होऊन चाचपलं. लाकूड. त्याला चिकटलेला परका अंगरखा. आणि आणखी एक. आणि आणखी कितीतरी. मी पहिल्या दोघा-तिघांना गिळलं आणि हाकाटी केली. आम्ही ओरडत नाही, रसायनं सोडतो. शेजारच्या पेशींनी त्यांच्याकडच्या रसायनांच्या दाण्यांनी भरलेल्या पिशव्या रित्या केल्या. रक्तवाहिन्या सैल झाल्या, त्यांच्या भिंतींना फटी पडल्या आणि रक्तातलं पाणी आत झिरपू लागलं. अंगठा लाल झाला, गरम झाला, सुजला आणि ठणकू लागला. या चारही गोष्टींना माणसं दुखणं म्हणतात. मित्रांनो, ते आमचं मदत मागणं असतं.

मदत आलीही. रक्तातून पांढऱ्या पेशींची पलटण आली. तरणीताठी पोरं ती! आयुष्य जेमतेम दिवसाचं, पण अंगात रग केवढी. दिसेल त्या जंतूवर तुटून पडतात, खाऊन खाऊन फुटतात. काही तर स्वतःच्या पोटातले धागे उसवून त्यांचं जाळं फेकतात आणि त्यातच मरतात. त्यांच्याबरोबर रक्तातली काही चिकट प्रथिनं आली. ती जंतूंच्या पाठीवर शिक्का मारतात, म्हणजे आम्हाला धरायला सोपं जातं. मधूनमधून एखाद्याला भोकही पाडतात. मला हे सगळे ठाऊक आहेत, तरी प्रत्येकाला मी हात लावून पाहिलं. अशा गर्दीत कोण काय घेऊन शिरेल, सांगता येत नाही.

पण ते कुसळ! ते गिळण्याएवढं माझं तोंड नव्हतं. जंतू त्याच्या चिरांमध्ये बसले आणि त्यांनी अंगावर बुळबुळीत पांघरूण ओढून घेतलं. पोरं मरत होती, त्यांचा पू होत होता, आणि पुवाला बाहेर जायला वाट नव्हती. वर सरसाचं झाकण होतं. पू कातडीच्या आत दाटला. पलटणीने फेकलेली जाळी, सांडलेलं आम्ल, सगळं घरच्याच पेशींना भाजू लागलं. मला ते बघवेना. परक्याला मारताना आपल्यातलेच किती मरतात, हे मोजायची सोय नव्हती.

बाहेर मालकीण काय करत होती? ठणका थांबावा म्हणून गोळ्या घेत होती! गोळीने आमच्या हाका दबल्या. अंगठ्यावर तिने चामड्याचं टोपण चढवलं आणि कामाला लागली. आम्ही मेंदूला निरोप धाडला की अंग तापवा, उष्णतेत जंतूंची वाढ मंदावते आणि आमचे हात भराभर चालतात. ताप आला. तिला हुडहुडी भरली. चुलीजवळ शाल घेऊन बसलेल्या तिला वहिनी म्हणाली, "काय गं, भर उन्हात शाल?"

"सरसाच्या वाफेनं बरं वाटतं."

"आणि चहाचा कप डाव्या हातात? डावरी कधीपासून झालीस?"

"गंमत म्हणून," मालकीण म्हणाली. वहिनीने तिच्याकडे एक नजर टाकली. तिला काहीतरी खटकलं होतं. पण नणंद-भावजयीच्या मध्ये आधीच त्या यंत्राची बात बसलेली, म्हणून तीही गप्प राहिली. दादा लांबून बघत होता आणि त्याच्याही मनात शंका येत होती, की ही हल्ली कामचुकारपणा करते. सगळेच एकमेकांवर संशय घेत होते, आणि ज्याच्यावर घ्यायचा तो सरसाचा ठिपका मजेत बसून होता.

मग एक वाईट गोष्ट झाली. अंगठा इतका फुगला की आतले ज्ञानतंतू चेपले गेले. ठणका कमी झाला. मालकिणीला वाटलं, बरं वाटतंय. मला मात्र धडकी भरली.

त्या दिवशी टेबल पुरं झालं. दादाने शेवटचा रंधा मारला आणि रीतीप्रमाणे बाजूला झाला. मालकिणीने टोपण थोडं मागे सारलं, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. त्या फळीवर एका जागी लाकडाचा तंतू उभा राहिला होता. अंगठा त्यावरून गेला. तिला काहीच लागलं नाही.

"झालं," ती म्हणाली.

दादाला आश्चर्य वाटलं असणार. एका दमात तिने कधी 'झालं' म्हटलं नव्हतं. त्याने सहज आपला तळवा फिरवला आणि तो थांबला.

"हे झालं?"

"हो."

"इथे हात लाव. रेशीम फाटेल इथे. तुला कळत नाही? का मुद्दाम करतेस? यंत्राचा राग टेबलावर काढतेस होय?"

"तुला हेच हवं होतं ना?" मालकीण तडकली. "मला काढायला निमित्त मिळालं. घे, मिळालं!"

"तुला काढायला? कुणी भरवलं हे डोक्यात?" दादाने तिचं मनगट धरलं, अंगठा त्या जागेवर ठेवण्यासाठी. अंगठा बधिर झाला होता, मनगट नव्हे. ती अशी किंचाळली की वहिनीच्या हातातलं पॉलिशचं फडकं खाली पडलं. टोपण निघालं.

अंगठा वांग्यासारखा झाला होता. पेरापासून मनगटापर्यंत आणि तिथून कोपराकडे एक लाल रेघ चढली होती. सरसाचं झाकण वर घट्ट बसलेलं होतं. शेजारी तो निळा ठिपका ताणून केवढातरी मोठा दिसत होता.

दादा ठिपक्याकडे बघत राहिला. मग त्याने झाकणावर नख टेकवून पाहिलं. "हा सरस लावलायस?" तो म्हणाला.

"बाबा लावायचे की."

"बाबांचं अर्धं बोट कशाने गेलं माहितेय तुला?"

"करवतीने."

"करवतीने नुसतं कापलं होतं गं! वर सरस लावला म्हणून बोट गेलं. तू लहान होतीस. त्यांना लाज वाटायची, म्हणून कुणाला सांगू दिलं नाही. मला काय माहीत तू..." मग म्हणाला, "वेडाबाई, थंडीत तुझा अंगठा फुटतो, रक्त येतं, ते बघवत नाही म्हणून यंत्र म्हणालो मी."

मालकीण रडायला लागली. दुखत होतं म्हणून नव्हे. वहिनीने तिच्या अंगावर शाल घातली आणि नवऱ्याला म्हणाली, "रडारड नंतर करा दोघं. आधी दवाखाना."

डॉक्टरीणबाई मला पहिल्या भेटीतच आवडल्या. माझ्याच जातीच्या आहेत त्या, कशावर पटकन विश्वास ठेवत नाहीत. "दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"आधी ठणकायचं. आता काही कळत नाही."

"काही कळत नाही, हेच मला आवडलेलं नाही. गोळ्या कुठल्या घेतल्या? काखेत गाठ आलीय का? वरून काय लावलंय हे?"

"सरस," दादा म्हणाला. "लाकूड चिकटवायचा. ओढू नका, सोलवटेल. गरम पाण्यात सुटतो तो."

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या, आणि कोमट पाण्याचं भांडं मागवलं. झाकण विरघळलं. मग बधिर करायचं इंजेक्शन, मग एक बारीकशी चीर. इतका वेळ कोंडलेला पू बाहेर धावला. आणि त्याच्या मागोमाग ते कुसळ. लाकडाची इवलीशी काडी, पण केवढा जीव खाल्ला होता तिने! माझ्या कितीतरी सोबतिणी त्या पुवाबरोबर वाहून गेल्या. मी कडेला होते म्हणून राहिले.

"अंगठा वाचेल ना?" दादाने विचारलं. "तिचं सगळं त्यातच आहे हो."

"आत्ता सांगत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पेन घेतलं आणि हातावर, जिथे लाली संपत होती तिथे, कडेकडेने एक रेघ आखली. "ही रेघ बघून ठेवा. औषध देतेय, धनुर्वाताचंही इंजेक्शन देतेय. लाली या रेघेच्या बाहेर सरकली किंवा ताप चढला, तर क्षणभर थांबू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात जा. मग अंगठ्याचाच नाही, जिवाचाही प्रश्न असेल."

मित्रांनो, त्या रेघेच्या आत आम्ही लढत होतो आणि बाहेर बसून दादा तिच्यावर डोळे लावून होता. औषध रक्तातून आलं. नवीन होतं, म्हणून त्यालाही मी हात लावून पाहिलंच. जंतूंना ते झेपेना. आता मध्ये लाकूड नव्हतं, झाकण नव्हतं. पलटणीला हलायला जागा मिळाली. काखेतल्या गाठीत, जिथे आमच्या एका धावत्या पेशीने जंतूच्या अंगरख्याचा तुकडा नेऊन दाखवला होता, तिथलं ते हुशार खातंही एकदाचं जागं झालं आणि आपली हत्यारं घेऊन दिमाखात उतरलं. "फार लवकर आलात," मी म्हटलं. त्यांना टोमणा कळला नाही.

दुसऱ्या दिवशी दादाने हात उजेडात धरला. किती वेळ धरून होता! "रेघेच्या आत आली," तो म्हणाला. "वहिनी कुठेय? अगं, लाली आत सरकली!" बायकोलाच वहिनी म्हणून हाक मारली त्याने, इतका तो भांबावला होता.

"डॉक्टरीणबाईंची रेघ सरळ आहे," मालकीण क्षीण आवाजात म्हणाली. "तुझ्यासारखी नाही."

त्यावर दादा हसला की रडला ते मला नीटसं कळलं नाही. त्याने धरलेल्या हाताचं हाड मात्र बराच वेळ हलत होतं.

मग माझं दुसरं काम सुरू झालं. लढाई संपली की मैदान साफ करायचं. मेलेल्या पोरांना मी एकेक करून गिळलं. त्यांच्या अंगावरची 'मी इथलीच' ही खूण पुसट होत गेली होती. कुणीच त्यांच्यासाठी रडलं नाही, म्हणून मी जरा सावकाश गिळलं. मग मी डागडुजी करणाऱ्यांना हाक दिली. नव्या रक्तवाहिन्या आल्या, नवे धागे विणले गेले, कातडी भरत आली. ज्ञानतंतू जागे होतील की नाही, ते मात्र माझ्या हातात नव्हतं.

शिंप्याचं टेबल तसंच पडून होतं. शिंपी विचारायला आला तर दादाने सांगितलं, "तिचा अंगठा फिरल्याशिवाय देणार नाही." "आणि नाहीच फिरला तर?" शिंप्याने हळूच विचारलं. दादाने हातातली कानस खाली ठेवली.

पट्टी सुटली त्या दिवशी मालकीण टेबलाशी उभी राहिली. अंगठ्यावर चिरेचा पांढुरका वण होता आणि शेजारी निळा ठिपका. दादाने टेबलाला हात लावला नव्हता, तो उभा तंतू तिथेच होता. कुठे, हे कुणी तिला सांगितलं नाही. वहिनीने श्वास रोखला. मीही.

मालकिणीने डोळे मिटले आणि अंगठा टेकवला. फळीच्या एका टोकापासून तो हळूहळू सरकला. लाकूड थंड होतं, गुळगुळीत होतं. अंगठा पुढे गेला. आणखी पुढे गेला. मग तो थांबला. जरासा मागे आला. पुन्हा त्याच जागेवरून गेला.

"अजून एक हात," ती म्हणाली.

दादाने रंधा उचलला. दोन्ही हात रंध्यावर होते, डोळे पुसायला मोकळा हातच नव्हता.

आता यंत्रही आलं आहे. पहिलं घासणं ते करतं, आणि शेवटचा अंगठा मालकिणीचाच. सरसाच्या भांड्याजवळ दादाने पाण्याचा नळ आणि साबण बसवला आहे. कुणाला खरचटलं की वहिनी आधी तिकडे पिटाळते.

मी थकले आहे, मित्रांनो. माझं फुटायचं आता जवळ आलं आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्हाला माझी एक विनवणी आहे. लागलं, खुपलं, चिरलं, तर ते लपवू नका. धुवा, आणि मोठ्यांना दाखवा. कशाने तरी बुजवून वर झाकण लावू नका. लाली, सूज, ठणका, ताप दिसला तर आमची हाक आहे असं समजा आणि ती ऐका. आणि संशय जरूर घ्या. मी जन्मभर घेतला, म्हणून हा अंगठा आहे. फक्त आधी हात लावून बघा, विचारा, मगच काय ते ठरवा. मालकिणीने आणि दादाने एकमेकांना एकदा विचारलं असतं, तर माझी कितीतरी पोरं वाचली असती.

मी फुटेन तेव्हा माझ्या पोटातले निळे कण सांडतील. शेजारी एखादी नवी पेशी आलेली असेल, माझ्यासारखीच संशयी. ती थबकेल, हात ताठ करेल. तिला मी एवढंच सांगून जाणार आहे: "घाबरू नकोस. हा ठिपका परका आहे खरा, पण दादाने दिलेला आहे. हात लावून बघ, आणि सांभाळून ठेव."